माने, मोरे आणि पेन्सिलीच्या ओळी: नववीतल्या एका मुलाच्या इंग्लिश वाचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी नवी मुंबईत कोपरखैरण्यात संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचा इंग्लिशचा क्लास घेते. सोसायटीतली तळमजल्याची एक खोली, बारा खुर्च्या, एक फळा. मुलं जवळपास सगळी मराठी मिडियमची नाहीतर सेमी इंग्लिशची. आमच्या भागात माथाडी कामगारांची घरं खूप, सातारा-सांगलीकडून आलेली माणसं, बहुतेकांचे वडील वाशीच्या मार्केटला. घरात मराठी, खाली मैदानात मराठी आणि हिंदी मिक्स, आणि इंग्लिश कानावर पडतं ते मोबाईलमधून तेवढंच. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्याकडे नववीत येणाऱ्या मुलाची इंग्लिश शिकायची आठ वर्षं झालेली असतात, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला ओंकार म्हणू. नाव बदललंय, घरचे एक-दोन तपशीलही बदललेत. जून २०२३ मध्ये नववीत असताना आला. सेमी इंग्लिशचा, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून, बाकी सगळं मराठीतून. वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडींच्या टोळीत, पहाटेच घर सोडणार. आई घरीच शिवणकाम करते, धाकटी बहीण चौथीत. पाचवीत असताना मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, सहावीचं वर्ष सगळं मोबाईलवर, आणि घरात मोबाईल एकच, तो पप्पांबरोबर मार्केटला जायचा. हे मला नंतर कळलं, आणि ते पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

आठवीला इंग्लिशमध्ये त्याला ६४ मार्क होते. अक्षर सुंदर, वही नीट, होमवर्क वेळेवर. वर्गात मात्र तोंड उघडायचा नाही. मी विचारलं की मान हलवायचा, हसायचा.

अडचण, आणि मला वाटलेली अडचण

मला वाटलं बोलायला लाजतोय आणि ग्रामर कच्चं आहे. आपल्या मुलांचं नेहमीचंच, मराठीत 'अ' आणि 'द' असली आर्टिकल्स नाहीत म्हणून ती गाळायची, प्रश्नाला मराठीत शेवटी 'का' लावलं की काम होतं म्हणून इंग्लिशमध्ये 'डू' आणि 'डज' सुचतच नाही. मी जुलै-ऑगस्ट पूर्ण टेन्स घेतले. ओंकार रिकाम्या जागा बरोबर भरायचा, फळ्यावरचा तक्ता जसाच्या तसा लिहून दाखवायचा, आणि मी खूष होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी सगळ्यांना एक न पाहिलेला उतारा दिला. पुस्तकातला नाही, मीच लिहिलेला, साठ शब्दांचा, एक मुलगा आजोबांसाठी औषध आणायला जातो एवढीच गोष्ट. खाली चार सोपे प्रश्न. ओंकारने चारही प्रश्नांची उत्तरं म्हणून उताऱ्यातली वाक्यं उचलून लिहिली, आणि एकाचाही प्रश्नाशी संबंध नव्हता. क्लास सुटल्यावर त्याला थांबवलं आणि म्हटलं, अरे मला फक्त वाचून दाखव, अर्थ जाऊ दे. तो कागदाकडे बघत राहिला. बराच वेळ. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग म्हणाला, "मॅडम, पुस्तकातलं वाचू?"

त्याने पुस्तक काढलं आणि धडा धडाधड वाचला, थांबत नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक इंग्लिश ओळीखाली पेन्सिलीने बारीक देवनागरीची ओळ. 'देअर वॉज', 'वन्स', 'नेबरहुड', सगळं. शब्दाच्या खाली शब्द, इतकं नीट की दोन ओळींमधल्या जागेत कुठेही गर्दी नाही. तो इंग्लिश वाचतच नव्हता, खालची मराठी ओळ वाचत होता. पुस्तकाची पन्नास-साठ पानं अशी भरलेली. शाळेत शिक्षक वाचतात तेव्हा ऐकून पटापट लिहायचं, राहिलेलं मित्राकडून घ्यायचं, असं पाचवीपासून चाललेलं. उत्तरं पाठ. प्रश्न पहिल्या दोन शब्दांवरून आणि लांबीवरून ओळखायचा, म्हणजे हा लांब प्रश्न, शेवटी अमुक शब्द, याचं उत्तर ते. मी हे लिहितेय ते त्याला कमी लेखायला नाही हं, उलट इतकी वर्षं एवढी मेहनत करून कुणालाही कळू न देणं ही साधी गोष्ट नाही.

पहिला निर्णय, जो चुकला

मी त्या रात्रीच ठरवलं की ही कुबडी काढायची. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, सगळं खोडून टाक, मराठीत लिहायचं नाही, एकेक शब्द इंग्लिशमधूनच वाचायला शिकू. मला अजूनही आठवतं, तो फक्त "हो मॅडम" म्हणाला.

तीन दिवसांनी पुस्तक घेऊन आला. सगळी पानं करडी झालेली, खोडरबराने घासून घासून. एका पानाला मधोमध भोक पडलेलं, तिथे मागून कागदाचा तुकडा चिकटवलेला. मी "छान" म्हटलं आणि पुढचा धडा उघडायला सांगितला, आणि त्याला एक ओळही वाचता आली नाही. बाकीची मुलं बघत होती. मग गणपतीला तो गावी गेला आणि विसर्जन होऊन आठवडा झाला तरी क्लासला आलाच नाही. आईला फोन केला तर म्हणाल्या पोटात दुखतंय म्हणतो.

माझ्या हातून काय झालं ते मला तेव्हा कळलं. चौदा वर्षांच्या मुलाचा एकमेव आधार मी तीन दिवसांत काढून घेतला होता आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. पहिलीतल्या पोराला वाचता आलं नाही तर ते रडतं आणि अर्ध्या तासात विसरतं. नववीतला मुलगा रडत नाही, तो येणंच बंद करतो.

व्हॉट्सॲपवरचा मेसेज

मी त्याला मेसेज टाकला की ये, पुस्तकाचं काही बोलणार नाही. त्याचा रिप्लाय आला, 'मॅडम मी उद्या येतो, घरी पाहुणे होते म्हणून नाही आलो, सॉरी.' मराठीच, पण टाइप केलेलं इंग्लिश अक्षरांत, आजकाल सगळेच करतात तसं. मी तो वाचून बाजूला ठेवला आणि दहा मिनिटांनी चहा करताना डोक्यात आलं की अरे, ज्याला इंग्लिश अक्षरं वाचता येत नाहीत असं मी समजत होते तो दिवसभर त्याच अक्षरांत लिहितो-वाचतो.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला त्याचेच मित्रांबरोबरचे मेसेज वाचायला सांगितले, जे दाखवायला हरकत नाही तेवढेच. फटाफट वाचले, एकही अडखळ नाही. मग कागदावर एच ओ एम ई लिहिलं आणि विचारलं, हे काय? म्हणाला, "होमे." टी ए के ई? "टाके." एस ओ एम ई? "सोमे."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही, कारण चुका एका नियमाने होत होत्या. ओंकारला रोमन अक्षरं उत्तम येत होती, पण मराठीच्या हिशोबाने. मराठीत लिहिलेलं सगळं वाचायचं असतं, शेवटचा 'ई' असला तर त्याचा 'ए' होतोच. तो प्रत्येक इंग्लिश शब्द चॅटिंगमधला मराठी शब्द असल्यासारखा वाचत होता, त्यातून काही अर्थ निघत नव्हता, म्हणून खाली पेन्सिलीची ओळ.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरात बसून मी विचार केला की आता काय काय करता येईल. ते इथे सांगते कारण बाकी शिक्षकांनाही हेच प्रश्न पडतात.

एक म्हणजे जसं चाललंय तसं चालू द्यायचं. दहावीला भाषेचा लेखी पेपर ८० चा, तोंडी वगैरे २०, पास व्हायला १०० पैकी ३५. पाठांतरावर ओंकार नक्की पास झाला असता, कदाचित साठही मिळवले असते. हा पर्याय खोटा नाही, खूप घरांना आणि खूप क्लासेसना हाच परवडतो. पण पेपरात न पाहिलेला उताराही असतो, आणि सेमीमुळे विज्ञानाचं अख्खं पुस्तक इंग्लिशमध्ये होतं, तिथे त्याला खालची ओळ लिहून देणारं कुणी नव्हतं.

दुसरं, अक्षरओळखीपासून फोनिक्सचा कोर्स, म्हणजे कुठल्या अक्षराचा आवाज कोणता ते शिकवत वाचनाकडे न्यायचं. बाजारात चित्रांची पुस्तकं मिळतात, पण ती सहा वर्षांच्या मुलांसाठी असतात, सफरचंद आणि मुंगी. ते पुस्तक त्याच्या दप्तरात कुणी बघितलं असतं तर तो परत आलाच नसता.

तिसरं, लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची मुळातली अडचण, आहे का ते तपासून घेणं. मुंबईत सायन हॉस्पिटलला अशी तपासणी होते आणि सर्टिफिकेट असेल तर बोर्ड सवलती देतं. मी हा पर्याय तेव्हा फार पटकन सोडला, कारण त्याचं मराठी वाचन एकदम स्वच्छ होतं. याबद्दल खाली परत लिहिलंय.

चौथं, जे केलं ते. त्याला येणाऱ्या रोमन मराठीवरूनच इंग्लिशकडे जायचं, आणि देवनागरीची ओळ एकदम न काढता हळूहळू पातळ करायची.

आणि यात एक उपप्रश्न होता, हे त्याला एकट्याला शिकवायचं की सगळ्या बॅचला. एकट्याला शिकवलं तर वेळ मिळतो पण बाकीच्यांना कळतं की याला काहीतरी येत नाही. मी दोन्ही केलं. नियम सगळ्या बॅचबरोबर, आणि ओंकारला अर्धा तास आधी, खुर्च्या लावायला ये म्हणून. त्याला कारण माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खुर्च्याही खरोखर लागायच्या.

प्रत्यक्ष काय केलं

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी फळ्यावर हजेरीपटातली आडनावं इंग्लिशमध्ये लिहिली. एम ए एन ई, एम ओ आर ई, एस ए एल ई. वाचा म्हटलं. माने, मोरे, साळे, सगळे एका आवाजात. मग म्हटलं आता हीच स्पेलिंग इंग्लिशच्या डिक्शनरीत शोधा. माने झाले 'मेन', म्हणजे घोड्याची आयाळ. मोरे झाले 'मोर', जास्त. साळे झाले 'सेल'. वर्गात जो काही दंगा झाला, मोऱ्यांच्या पोराला पुढे महिनाभर सगळे 'अजून-अजून' म्हणून हाक मारत होते. मी फळ्याच्या मधून रेघ मारली, डावीकडे 'चॅटिंगचे नियम', उजवीकडे 'इंग्लिशचे नियम'. डावीकडे शेवटचा 'ई' बोलतो. उजवीकडे तो स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्याचं एबीसीडीतलं नाव घ्यायला लावतो, एच ए टी 'हॅट', पुढे ई लावला की 'हेट'. मग राणे, काटे, गोरे, मुलं स्वतःच शोधत बसली. आणि सगळ्यात भारी ठाणे, कारण टी एच ए एन ई हे बाहेरचा माणूस उजवीकडच्या नियमाने 'थेन' वाचतो हे त्यांनी सगळ्यांनी ऐकलेलं होतं, फक्त का ते माहीत नव्हतं.

ओंकारने त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. म्हणाला, "मॅडम, म्हणजे होमे नाही, होम." बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

दर आठवड्याला एक नियम, जास्त नाही. दोन स्वर एकत्र आले की काय होतं, 'आर' पुढे असला की 'ए' चा 'आ' कसा होतो, सी कधी 'क' कधी 'स'. जे शब्द कुठल्याच नियमात बसत नाहीत, 'वॉज', 'सेड', 'कम', 'सम', 'वन्स', 'देअर', ते चेहरा ओळखावा तसे ओळखायचे, रोज पाच. यासाठी एडवर्ड डॉल्च यांची २२० शब्दांची जुनी यादी आहे ती मी वापरली, त्यातले निम्मे त्याला कानाने माहीतच होते, फक्त कागदावर भेटले नव्हते.

देवनागरीबद्दल नवीन करार केला. लिहायचं, पण फक्त अडलेल्या शब्दाखाली. दोन आठवड्यांनी, शब्दाच्या अडलेल्या तुकड्याखालीच, म्हणजे 'नेबरहुड' मध्ये 'नेबर' अडला तर तेवढाच. आणि तीनदा वाचून झालं की ते त्याने स्वतः खोडायचं, मी सांगणार नाही. एक गोष्ट मला हे करताना लक्षात आली, देवनागरी काही बाबतीत मदत करते आणि काही बाबतीत दगा देते. मराठीत 'ॲ' आणि 'ऑ' आहेत म्हणून 'बॅट' आणि 'बॉल' चा उच्चार बरोबर बसतो. पण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपण 'व' लिहितो, त्यामुळे 'वेस्ट' लिहिल्यावर पश्चिम की बनियन ते कळत नाही. हे मी त्याला दाखवलं, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की मग अशा शब्दांखाली मराठीत नाही लिहीत.

मोठ्याने वाचायचं वर्गात नाही. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, एक-दीड मिनिट, आणि फक्त मला पाठवायचं. रात्री दहानंतर यायचं ते रेकॉर्डिंग, मागे शिलाई मशीनचा आवाज. सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज ऐकताना कळायचं की मशीन थांबलंय, म्हणजे आईसुद्धा ऐकतेय.

जानेवारीत एक टास्क केलं ज्याने खरी गाडी पुढे गेली. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ मध्ये बंगलोर आणि मद्रासकडच्या शाळांमध्ये प्रयोग केला होता, ग्रामर न शिकवता मुलांना कोडी सोडवायला द्यायची, नकाशा, रेल्वेचं टाइमटेबल असलं, आणि भाषा त्यातून शिकू द्यायची. मी ट्रान्स हार्बर लोकलचं टाइमटेबल इंग्लिशमध्ये दिलं, ठाण्यापासून वाशीपर्यंत, नेमकं त्याच महिन्यात ऐरोलीच्या आधी दिघा गाव स्टेशन सुरू झालं होतं, त्यामुळे पोरांना ते शोधायचंच होतं. प्रश्न असे, की तुमचा मित्र ठाण्याहून अमुक गाडीने निघाला, तुम्ही कोपरखैरण्याहून निघालात, तुर्भ्याला कोण कुणाची वाट बघेल आणि किती मिनिटं. सगळं इंग्लिशमध्ये वाचायचं, बोलायचं कसंही.

तिथे ओंकार घणसोलीच्या स्पेलिंगवर अडला. म्हणजे वाचता आलं, प्रश्न पडला. म्हणाला, "घणसोलीत जी एच म्हणजे घ. मग 'नाइट' मधला जी एच कुठं गेला?" मी सांगितलं की फार पूर्वी इंग्लिशमध्ये तो आवाज होता, घशातून काढलेल्या 'ख' सारखा, लोक बोलताना तो हळूहळू गळाला पण स्पेलिंग तोवर ठरून गेलं होतं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे बिल्डिंग पाडली पण गेटवरची पाटी तशीच राहिली." मी हे वाक्य आता दर वर्षी वापरते.

मार्क कमी झाले तेव्हा

हे सगळं चालू असताना प्रथम सत्राचा निकाल आला होता, इंग्लिशमध्ये ४१. आठवीचे ६४ आणि आता ४१. कारण सरळ होतं, त्याने पाठांतर कमी केलं होतं, वाचन अजून आलं नव्हतं, मधल्या पुलावर होता. आई क्लासला आल्या. शांत बाई, पण त्या दिवशी आवाज थरथरत होता. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे यायच्या आधी बरं चाललं होतं ओ."

माझ्याकडे दोन रस्ते होते. निम्मा वेळ पाठांतराला द्यायचा, वार्षिकपर्यंत मार्क वर आणायचे आणि मग परत सुरू करायचं. नाहीतर थांबायचं नाही. मी ताईंना खुर्चीवर बसवलं आणि मोबाईलमधलं नोव्हेंबरचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं, मग त्या आल्या त्या आठवड्यातलं. त्यांना इंग्लिश येत नाही, पण पहिल्यात किती वेळा तो थांबतोय आणि दुसऱ्यात किती वेळा, हे कळायला इंग्लिश लागत नाही. त्या म्हणाल्या, "हे पाठ केलेलं नाही ना?" मी म्हटलं नाही ताई, हा उतारा त्याने पहिल्यांदा बघितला होता. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओंकार वेळेवर आला.

तरीही मी थोडं मागे आले हे सांगायला हवं. पत्रलेखन आणि ठरलेल्या नमुन्यांचे प्रश्न मी आठवड्यातून एक दिवस पक्के करून घेतले, कारण घराचा विश्वास टिकला नाही तर बाकी काहीच टिकलं नसतं.

सेमी ठेवायचं की नाही

मार्चमध्ये वडील आले, रविवारी, मार्केट बंद असतं त्या दिवशी. शाळेने विचारलं होतं की दहावीला सेमी चालू ठेवणार की विज्ञान-गणित मराठीतून घेणार. दादा म्हणाले, "पोरगं गोणी उचलायला नको एवढंच बघा. तुम्ही सांगाल तसं."

माझं मत खरं सांगायचं तर मराठीकडे झुकलं होतं. विज्ञानातला प्रश्न मराठीत विचारला की ओंकार उत्तर समजावून सांगायचा, इंग्लिशमध्ये विचारला की पाठ केलेली व्याख्या. समजत होतं ते दाखवता येत नव्हतं, आणि हा त्याच्यावर अन्याय होता. पण मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, सेमीतच राहतो, माझे सगळे मित्र त्या तुकडीत आहेत, आणि आता मला वाचता यायला लागलंय. दुसरं कारण त्याने पहिल्यानंतर सांगितलं, पण मी ते धरलं.

मग असं केलं की बालभारतीची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात ती डाऊनलोड करून घेतली. आधी गुरुत्वाकर्षणाचा धडा मराठीत वाचायचा, कळून घ्यायचा, मग 'ग्रॅव्हिटेशन' उघडायचं. भिंगांचा धडा तसाच. डोक्यात गोष्ट आधीच असली की इंग्लिश वाक्य अर्ध कळलं तरी पुढे सरकता येतं. दादांना हे विचित्र वाटलं, इंग्लिश शिकायला मराठी पुस्तक, दोनदा विचारून खात्री केली त्यांनी.

काय झालं

नववीच्या वार्षिकला इंग्लिश ५२. दहावीचं वर्ष नेहमीसारखंच धावपळीचं गेलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मे २०२५ च्या निकालात इंग्लिश ६३, विज्ञान ५८. म्हणजे मार्कांच्या हिशोबाने तो आठवीत होता तिथेच परत आला, एक मार्क कमीच. पण आठवीचे ६४ आणि दहावीचे ६३ हे मी एका मापात धरायला तयार नाही. पेपर झाल्यावर तो सांगत होता की न पाहिलेल्या उताऱ्यात काय गोष्ट होती, आणि त्याला ती आवडली होती.

आता वाशीला अकरावी कॉमर्सला आहे. वाचतो, हळू वाचतो पण वाचतो. बोलत मात्र अजून नाही. कॉलेजमध्ये कुणी इंग्लिशमध्ये बोललं की कळतं, उत्तर हिंदीत देतो. वाचनातच आमची दोन वर्षं गेली, बोलण्यापर्यंत मी त्याला नेऊ शकले नाही आणि हे अपुरं राहिलेलं काम आहे.

वेगळं काय केलं असतं

खोडरबराचं तर झालंच सांगून. आज मी कुणालाही देवनागरी खोडायला सांगत नाही, आधी ते पान नीट वाचते, कारण मुलाला कुठे अडतं याचा तेवढा चांगला नकाशा दुसरा नाही. काही मुलांची पेन्सिल फक्त लांब शब्दांखाली असते, काहींची सगळीकडे, काहींनी चुकीचं ऐकून चुकीचं लिहिलेलं असतं आणि तेच पाठ झालेलं असतं.

तपासणीचा पर्याय मी सोडायला नको होता. मराठी छान वाचतो म्हणून डिस्लेक्सिया नसेल असं मी धरलं, पण देवनागरीसारख्या लिपीत, जिथे जसं लिहिलं तसंच वाचायचं असतं, तिथे ही अडचण झाकली जाऊ शकते आणि इंग्लिशमध्ये उघडी पडते. ओंकारच्या बाबतीत तो इतक्या लवकर सुधारला त्यावरून मला वाटतं की तसं नव्हतं. पण हे मला नंतर वाटतंय, तेव्हा मी अंदाजावर चालले होते. डोळ्यांची साधी तपासणीही मी सांगितली नव्हती, ती तर वीस मिनिटांचं काम.

बोलणं पहिल्या महिन्यापासून बरोबर घ्यायला हवं होतं. मला वाटलं आधी वाचू दे, मग बोलेल. टाइमटेबलच्या टास्कमध्ये तो तुटक का होईना पण बोलत होता, 'यू वेट, आय कम, सेव्हन मिनिट', आणि मी ते तिथेच सोडून परत उताऱ्यांकडे गेले कारण परीक्षा जवळ होती. महिन्यातून दोन टास्क जरी ठेवले असते तरी फरक पडला असता.

आणि आईला पहिल्या सत्राच्या आधीच सांगायला हवं होतं की मार्क पडतील, का पडतील, किती दिवस पडतील. निकालानंतर सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटतं, खरं असलं तरी.

आता जूनमध्ये नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला एकट्याला बसवते आणि तीन गोष्टी करते. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या दहा ओळी वाचायला देते. त्याचं पुस्तक मागून घेते आणि पेन्सिल बघते. आणि त्याला मला एक मेसेज टाकायला सांगते, मराठीत, तो मित्रांना टाकतो तसाच. यंदा ओंकारची बहीण सहावीत आहे, तिचं पुस्तक आई स्वतःच घेऊन आल्या होत्या, दाखवायला, तिसऱ्या पानापासून ओळी सुरू झालेल्या. तिला शनिवारी दुपारी बोलावलंय.